घरावर सोलर बसवायचंय? आधी वीजबिलावरचं नाव बघा

घराच्या छतावर सोलर बसवायला केंद्र सरकारचं अनुदान देणारी 'प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अनुदानाचे आकडे एव्हाना लोकांना पाठ झालेत: १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार. त्यापुढे ५ बसवा नाहीतर १०, मिळणार ७८ हजारच. स्वतःचं घर, सावली न पडणारं छत आणि चालू वीजजोडणी हवी. सोलरसाठी आधी अनुदान घेतलेलं नसावं. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर, बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून. इथवर कुणी अडत नाही.

अडतं ते नावापाशी. मी अर्ज भरून देतो. मध्यंतरी एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद नीट घड्या घालून घेऊन आल्या. आधार, पासबुक, घरपट्टीची पावती, सगळं होतं. बिल मात्र सासऱ्यांच्या नावावर, आणि त्यांना जाऊन वीस वर्षं झालेली. वीस वर्षं त्या नावाने बिल आलं, आजींनी ते भरलं, कुणी हरकत घेतली नाही. अनुदान म्हटल्यावर मात्र नाव जुळायला हवं, कारण पैसे बिलावर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात येतात.

म्हणून सोलरच्या आधी वीज कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा (गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८) आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र तयार ठेवा. हे पत्रच कुणाकडे नसतं. एक भाऊ मुंबईला, बहीण सासरी, सह्या गोळा करण्यात महिने जातात. गणपतीला सगळे घरी जमतात तेव्हाच घेऊन टाका. थकबाकी असेल तर तीही आधी भरा. बिलावर नुसती आद्याक्षरं आणि पासबुकावर पूर्ण नाव असेल, तर तेही आत्ताच दुरुस्त करून घ्या.

दुसरा घोळ अनुदान खात्यात यायच्या ३० दिवसांचा. पॅनेल छतावर चढले की दिवस मोजायला लागू नका. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसतो, वीज कंपनी तपासणी करते, कार्यान्वित झाल्याचा अहवाल पोर्टलवर येतो. त्यानंतर बँक तपशील आणि रद्द केलेला चेक तुम्ही स्वतः भरायचा. ३० दिवस तिथून पुढे. हा शेवटचा टप्पा राहून गेलेले कितीतरी जण 'अनुदान आलंच नाही' म्हणत हेलपाटे घालतात.

ठेकेदार पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीतलाच घ्या. पॅनेल, आणि त्यातले सेलसुद्धा (उन्हापासून वीज बनवणारे छोटे तुकडे), भारतात बनलेले हवेत. परदेशी सेलचं पॅनेल स्वस्त पडतं, पण अनुदान जातं. करारात हे लिहून घ्या. 'अनुदान आमच्या खात्यात वळवतो' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

किती किलोवॉट घ्यायचं ते शेजाऱ्याकडे बघून ठरवू नका. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. महिना १५० युनिटच्या आत असेल तर १ ते २ किलोवॉट पुरतं, ३०० पर्यंत २ ते ३. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. फ्लॅटवाल्यांनी गच्ची सामाईक आहे हे लक्षात ठेवावं. सामाईक वापरासाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८ हजार मिळतात, तो अर्ज सोसायटीच्या नावाने करायचा.