काळा की मिडनाइट ब्लू? डिनर जॅकेटचा रंग दिव्याखाली बघा

डिनर जॅकेट, म्हणजे संध्याकाळच्या समारंभात बो टायबरोबर घालायचा कोट (टक्सिडो), शिवायचं झालं तर आधी कापडाचे दोन तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. एक काळ्या लोकरीचा, दुसरा मिडनाइट ब्लू. भर दुपारी खिडकीपाशी ओळखायला काहीच कष्ट नाहीत. काळा तो काळा, आणि दुसऱ्यात खोल विहिरीच्या पाण्यासारखा निळा. आता पडदे ओढा आणि पिवळा दिवा लावा. मी हे करून पाहिलं तेव्हा ‘यातला काळा हा’ म्हणून बेधडक बोट ठेवलं, ते मिडनाइट ब्लूवर. खरा काळा शेजारी जुन्या छत्रीच्या कापडासारखा विटका दिसत होता.

असं का होतं? काळ्याचं काम सगळा उजेड गिळण्याचं, पण कापडावरचा कुठलाच काळा तो पुरता गिळत नाही. थोडा परत येतोच. दिव्याचा उजेड पिवळा-तांबूस असला की परत येणाराही तसाच, म्हणून काळी लोकर रात्री कधी करडी, कधी तपकिरी, कधी चक्क हिरवट मारते. मिडनाइट ब्लू परत देतो तो मुख्यतः निळा उजेड, आणि तारेच्या बल्बच्या उजेडात निळा असतोच किती! त्या बल्बचं रंगतापमान २७०० केल्विनच्या आसपास, मेणबत्तीचं १९००च्या आसपास, भर दुपारच्या उन्हाचं साधारण ५५००. आकडा जितका खाली तितका निळा कमी. परत द्यायला काही उरतच नाही आणि कापड काळंकुट्ट दिसतं.

म्हणून मी मिडनाइट ब्लूला निळ्यांच्या रांगेत बसवतच नाही. तो रात्रपाळीचा काळा आहे. खरा घोटाळा होतो तो त्याच्यात आणि नेव्ही ब्लूमध्ये. तयार कपड्यांत मिडनाइट ब्लूच्या नावाखाली सर्रास नेव्ही गळ्यात मारतात. नेव्ही दिव्याखालीही निळाच राहतो, आणि त्याला सॅटिनची कॉलर लावली तरी ऑफिसचा सूट लग्नाला आल्यासारखं वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे. पिवळ्या दिव्याखाली दोन पावलं मागे सरका. निळा लगेच जाणवला तर तो नेव्ही.

गंमत म्हणजे डिनर जॅकेटची सुरुवातच निळ्यापासून झाली. प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, १८६५ मध्ये लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या हेन्री पूल यांच्याकडून मागे शेपटी नसलेला आखूड रेशमी कोट शिवून घेतला. या जॅकेटचा पूर्वज म्हणून तोच दाखवतात, आणि तो होता निळा. काळा रुळला तो नंतर. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्याच्याच नातवाने, १९३६ मध्ये गादी सोडणाऱ्या आठव्या एडवर्डने, मिडनाइट ब्लू अंगावर चढवला आणि तो रंग भल्याभल्यांनी उचलला. तोवर संध्याकाळ विजेच्या दिव्यांची झाली होती, हेही लक्षात घ्या.

आता दिवे पुन्हा बदललेत. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भरपूर असतो, त्यामुळे तिथे मिडनाइट ब्लू आपलं गुपित फोडतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशखाली तर हमखास. समारंभात सगळ्यांच्या बरोबरीने काळा दिसलेला माणूस फोटोत एकटाच निळा उठून येतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण ज्याला वाटेल त्याने आधी जागेचे दिवे विचारून घ्यावेत.

कॉलरच्या बाबतीत काळा निमूट असतो. काळ्या लोकरीवर काळं रेशीम, सॅटिन घ्या नाहीतर बारीक रेघांचं ग्रोग्रेन, चुकायला जागाच नाही. मिडनाइट ब्लूवर काळी कॉलरही चालते आणि त्याच निळ्याचीही. मी काळी निवडेन. कारण बो टाय आणि पँटच्या बाजूची पट्टी कॉलरशी जुळावी लागते, आणि अगदी तसाच निळा बो टाय शोधता शोधता नाकी नऊ येतात. शर्ट दोन्हींखाली पांढराच.

हस्तिदंती जॅकेट हा वेगळा विषय, तो उष्ण हवेचा. त्याची कॉलर त्याच कापडाची असते आणि खाली पँट काळी किंवा मिडनाइट ब्लू. एकुलतं एक जॅकेट म्हणून ते घेऊ नये.

मग घ्यायचा कोणता? शिवून घेणार असाल आणि वापर खरोखर रात्रीचाच असेल, तर मिडनाइट ब्लू, डोळे झाकून. तयार घेणार असाल, तर चांगल्या दाट विणीचा काळा बरा, नेव्हीची फसगत तरी टळते. दोन्हींत एक पथ्य मात्र सारखंच. जॅकेट आणि पँट एकाच ताग्यातून कापलेली हवी. पँट नंतर वेगळी घेऊ म्हणाल, तर दिवसा सारखे वाटलेले दोन काळे दिव्याखाली कमरेपाशीच भांडायला लागतात. आणि तुकडा पसंत करायला टेलरकडे दिवेलागणीनंतर जा, किंवा तो घरी आणून तुमच्या टेबलावरच्या दिव्याखाली धरा.