पार्किंगचा दावा चालू असताना तडजोडीचं पत्र आलं, तर?

डिसेंबरात इंग्लंडमधल्या स्लाऊचा आमचा एक शेजारी पत्र घेऊन आला. बसायच्या आधीच विचारलं, "दादा, पार्किंग कंपनीवाले 255 मागत होते, आता 175 पाउंडात मिटवतो म्हणतायत. भरून टाकू का?" पत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरात 'विदाउट प्रेज्युडिस सेव्ह ॲज टु कॉस्ट्स' छापलेलं. ती धमकी आहे असं त्याला वाटलं होतं. खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की खटल्याचा निकाल लागेपर्यंत हे पत्र न्यायाधीशांना दाखवायचं नाही. खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न आला, तरच ते बाहेर काढायचं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण सामानात बांधूनच आपण इकडे येतो. अशी पत्रं नेमकी तिच्याच जोरावर वसुली करतात. म्हणून घाबरण्याआधी हिशेब करावा.

ही माहिती फक्त इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे, स्कॉटलंडचा कायदा वेगळा. शिवाय ती खासगी कंपनीच्या चार्जबद्दल आहे, कौन्सिलच्या दंडाबद्दल नाही. खासगी चार्ज म्हणजे दंड नव्हे. फलकावरच्या अटींचा करार मोडला, या आधारावर मागितलेले ते पैसे असतात. म्हणून सगळे चार्ज फुसके, असंही समजू नका. 2015 साली बेव्हिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने 85 पाउंडांचा चार्ज योग्य ठरवला होता.

आधी तारीख बघा

तडजोडीची बोलणी सुरू झाली म्हणून कोर्टाचं घड्याळ थांबत नाही, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. क्लेम फॉर्मवरच्या 'इश्यू डेट'पासून पाचव्या दिवशी दावा तुम्हाला पोचला असं धरतात. तिथून 14 दिवसांत पोच द्यायची, म्हणजे 'अक्नॉलेजमेंट ऑफ सर्व्हिस' भरायचं. ते भरलं की कैफियत, म्हणजे आपला लेखी बचाव, दाखल करायला पोचल्यापासून 28 दिवस मिळतात, म्हणजे इश्यू डेटपासून 33. "तुम्ही विचार करा, आम्ही थांबतो," असं सॉलिसिटर फोनवर म्हणाला तरी त्यावर विसंबू नका. कैफियतीची मुदत दोन्ही बाजूंच्या संमतीने जास्तीत जास्त 28 दिवस वाढवता येते, पण ते तुम्ही कोर्टाला लेखी कळवावं लागतं. मुदत हुकली तर एकतर्फी निकाल लागू शकतो, म्हणजे नावावर सीसीजे (काउंटी कोर्ट जजमेंट) लागतं. महिन्याच्या आत सगळी रक्कम भरली तर नोंद पुसली जाते, नाहीतर सहा वर्षं राहते आणि घराच्या कर्जाच्या वेळी नडते. निकालाआधी तडजोड झाली तर सीसीजेचा प्रश्नच येत नाही.

मग हिशेब

आम्ही विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडला. मूळ चार्ज 100, 'वसुली खर्च' म्हणून वर चढवलेले 70, कोर्टाची फी 35, सॉलिसिटरचा ठरीव खर्च 50. झाले 255. हरलो तर सुनावणीची फी 27 आणि थोडं व्याज आणखी. म्हणजे साधारण तीनशेच्या आत. त्यातले 70 वादात टिकतीलच असं नाही. 2012 च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टप्रमाणे केवळ गाडीचा नोंदणीकृत 'कीपर' म्हणून तुमच्याकडून मागत असतील, तर नोटिशीत लिहिलेल्या चार्जपलीकडे जाता येत नाही. गाडी तुम्हीच चालवत होता हे सिद्ध असेल तर मुद्दा फलकावरच्या मजकुरावर जातो, आणि तिथे न्यायाधीशांची मतं एकसारखी नाहीत. 70 वगळले तर हरूनही 212 च्या आसपास. मग 175 ची 'सवलत' कितीशी उरली?

प्रस्ताव नाकारला तर त्यांच्या वकिलाची सगळी फी अंगावर येईल, ही भीती मात्र काढून टाका. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे अशा छोट्या रकमेच्या दाव्यांत, ठरलेल्या खर्चापलीकडचा खर्च फक्त गैरवाजवी वागणुकीबद्दल लावतात. आणि निव्वळ प्रस्ताव नाकारणं म्हणजे गैरवाजवी वागणूक नव्हे, असं दिवाणी कोर्टाच्या कामकाजाच्या नियमांतल्या (सीपीआर) नियम 27.14 मध्येच लिहिलंय. न्यायाधीश ते विचारात घेऊ शकतात, म्हणून नाकारताना कारण द्यावं.

कागद

क्लेम फॉर्म, लेटर ऑफ क्लेम (दाव्याआधीचं पत्र), पहिली नोटीस, फलकांचे फोटो (शक्यतो त्याच वेळचे, अंधार असेल तर अंधारातलेच), पैसे भरल्याची पावती किंवा ॲपमधली नोंद, परमिट असेल तर ते, भाडेकरार. शेजाऱ्याच्या गाडीच्या कप्प्यात, च्युइंगमच्या कागदाला चिकटलेलं, 2 पाउंड 40 पेन्सचं तिकीट निघालं. मशीनवर गाडीचा नंबर टाकताना शून्याच्या जागी 'ओ' दाबला गेला होता, एवढाच त्याचा गुन्हा. ते तिकीट सापडलं आणि 175 चा विषय तिथेच संपला.

उत्तर

फोनवर नको, ईमेलवर द्या. वर दाव्याचा क्रमांक आणि 'विदाउट प्रेज्युडिस सेव्ह ॲज टु कॉस्ट्स' हेच शब्द तुम्हीही लिहा. देणं मान्य नाही, प्रस्ताव या-या कारणाने नाकारतो, आणि द्यायचाच असेल तर तुमचा आकडा आणि त्याची मुदत. सात-आठ ओळी पुरतात. पार्किंगवाल्यांच्या धंद्याबद्दलचं तुमचं मत त्यात नको, ते मला सांगा. शेजाऱ्याने तिकिटाची प्रत जोडून 20 पाउंड देऊ केले.

स्वीकारायचं ठरलं तर पैसे पाठवण्याआधी लेखी घ्या: ही रक्कम सगळ्याच्या बदल्यात अखेरची आहे, चूक कबूल केलेली नाही, आणि पैसे पोचताच ते दावा मागे घेतील. कार्डाने किंवा बँकेतून भरा, पावती जपा.

22 मे 2024 पासून दाखल झालेल्या दाव्यांत फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे. ती फुकट असते आणि तासाभरात आटोपते. मध्यस्थ दोघांशी वेगवेगळं बोलतो, तुमचं बोलणं न्यायाधीशांपर्यंत जात नाही. पण फोनवर 'हो' म्हणालात की ते बंधनकारक. आकडा आधीच कागदावर लिहून समोर ठेवा. फोन टाळलात तर मात्र कोर्ट कारवाई करू शकतं.

शेजाऱ्याच्या ईमेलला उत्तर आलंच नाही. मध्यस्थीत ते 150 वर अडले, हा 20 वर. पुढे सुनावणीची फी भरायची वेळ आली तेव्हा 'नोटिस ऑफ डिस्कन्टिन्युअन्स' आली, दावा मागे. अशी नोटीस आली तरी कोर्टात फोन करून सुनावणी यादीतून काढली का ते विचारा. त्याची काढलेली नव्हती.