तुमच्या धंद्याचा डेटाबेस: बसवण्याआधी वाचावं असं थोडं

मकरपुरा जीआयडीसीतला वर्कशॉप असो, रावपुऱ्यातलं औषधांचं दुकान असो की एखादी पॅथॉलॉजी लॅब, आमच्याकडे येणाऱ्यांची तक्रार साधारण सारखीच असते. हिशेब एक्सेलमध्ये आहे, फाइल उघडायला वेळ लागतो, दोघांनी एकदम काम केलं की एकाची नोंद उडते, आणि कोणती फाइल ताजी ते विचारायला कोणाला तरी फोन करावा लागतो. आम्ही वडोदऱ्यात पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी हे ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेले, डेटाबेस बसवतो आणि सांभाळतो. काम आमच्याकडे द्या किंवा दुसऱ्या कोणाकडे, पण पुढच्या गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे बोलणी सरळ होतात.

डेटाबेसने काय साधतं

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. छोट्या धंद्याला त्या पुरतात, अडचण वेगळीच असते. एकच पार्टी चार स्पेलिंगांनी चार ठिकाणी लिहिलेली असते आणि उधारी कोणाच्या नावावर किती ते लागत नाही. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल पद्धत मांडली. तिच्यात पार्टीचं नाव-पत्ता एकाच टेबलमध्ये, म्हणजे तक्त्यात, एकदाच राहतो, बिल, चलन, जमा या सगळीकडे फक्त तिचा क्रमांक जातो. पत्ता बदलला तर एका जागी बदला. यादीत नसलेल्या पार्टीचं चलन करायला गेलात तर डेटाबेस ते घेतच नाही. हा अडवण्याचा गुण सुरुवातीला जाचक वाटतो, आणि वर्षअखेरीला त्याचीच किंमत कळते.

दुसरा गुण ट्रान्झॅक्शनचा. बिल झालं की स्टॉक घटला पाहिजे. या दोन नोंदींच्या मध्येच वीज गेली तर अर्धवट नोंद डेटाबेस स्वतःहून मागे घेतो. दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही.

कोणता निवडायचा

नव्या कामाला आम्ही पोस्टग्रेस सुचवतो. बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून तो आला, आजही तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, आणि नियमांच्या बाबतीत तो काटेकोर आहे. मायएसक्यूएल १९९५ चा, २०१० पासून ओरॅकलकडे. त्याचेच एक निर्माते मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच्यापासून मारियाडीबी वेगळा काढला. तुमची वेबसाइट किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर यांपैकी एकावर नीट चालत असेल तर उगाच पोस्टग्रेसवर हलवू नका. ज्यावर चालतंय ते सुस्थितीत ठेवणं जास्त महत्त्वाचं. एका काउंटरच्या, एकाच माणसाने नोंदी करायच्या कामाला एसक्यूएलाइटसुद्धा पुरतो. त्याचा सगळा डेटा एकाच फाइलमध्ये असतो, तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तो आहेच.

आवृत्ती मात्र विचारून घ्या. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि तिला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात. मायएसक्यूएल ५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, ८.० ची एप्रिल २०२६ पर्यंतची. ५.७ अजून कितीतरी ठिकाणी तसाच चालू दिसतो. चालतो आहे म्हणजे ठीक आहे असं धरू नका. नव्याने सापडलेली पळवाट त्यात बुजवली जात नाही.

पैसे कशाचे

लायसन्सचे शून्य. मशीन वाढलं, माणसं वाढली तरी शून्यच. आमचं बिल असतं ते टेबलांची मांडणी, जुना डेटा साफ करून आत घेणं, बॅकअपची व्यवस्था आणि वर्षाची देखभाल यांचं. सर्व्हरचं किंवा क्लाउडचं भाडं तुम्ही थेट भरता, आमच्यामार्फत नाही.

काम संपलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात मालकाच्या हातात देतो. सोबत प्रत्येक टेबलात काय आहे याचं साध्या मराठीत किंवा गुजरातीत लिहिलेलं वर्णन, आणि पूर्ण डेटाची एक नक्कल. उद्या आमचं काम पटलं नाही तर हे तीन जिन्नस घेऊन तुम्हाला कोणाकडेही जाता आलं पाहिजे. सॉफ्टवेअर खुलं, पण पासवर्ड फक्त बसवणाऱ्याकडे, अशी स्थिती असेल तर महागडं लायसन्स घेतल्यासारखेच तुम्ही अडकलेले असता. सध्या ज्यांच्याकडे काम आहे त्यांच्याकडून हे तिन्ही आजच मागून घ्या.

नावं, रुपये, तारखा

आपल्या शहरात एकाच यादीत गुजराती, मराठी आणि इंग्रजी नावं असतात. जुन्या मायएसक्यूएलमध्ये अक्षरांची ठेवण लॅटिनची असायची. त्यात गुजराती किंवा देवनागरी नाव टाकलं की प्रश्नचिन्हं उरतात आणि मूळ नाव परत मिळत नाही. म्हणून सुरुवातीलाच यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत, लागतं. मायएसक्यूएलमध्ये त्याचा चार बाइटचा प्रकार निवडावा लागतो, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या ऑर्डरीतली एक इमोजीसुद्धा नोंद अडवते. ८.० पासून तोच मुळात लावलेला असतो.

रकान्याची लांबी ठरवताना आपली लिपी लक्षात घ्यावी लागते. ‘क्षीरसागर’ वाचताना पाच अक्षरं, पण डेटाबेस नऊ मोजतो, कारण पाय मोडल्याची खूण आणि काना-वेलांटी वेगळी धरली जाते. जागा लागते २७ बाइट. इंग्रजी नावांवरून आखलेल्या तोकड्या रकान्यात आडनाव तुटतं ते यामुळे. ‘कऱ्हाडकर’मधला ऱ्ह तर वेगवेगळ्या कीबोर्डांवरून दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखा, आत वेगळा, आणि मग शोधल्यावर पेशंट सापडत नाही. पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून अशी रूपं एकसारखी करण्याची सोय आहे. ती आम्ही नोंद आत येतानाच लावतो, आणि अदृश्य जोडचिन्ह घालून टाइप केलेलं जे रूप तिच्यातून सुटतं ते वेगळं बदलून घेतो.

रुपयांसाठी नेहमी दशांश प्रकारचा रकाना हवा. संगणकाच्या तरंगत्या अपूर्णांकात ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत, आणि जीएसटीच्या बेरजेत तो पैशाचा फरक शोधण्यात अकाउंटंटची संध्याकाळ जाते. तारीख मजकूर म्हणून ठेवू नये. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे वर्षभराने कोणीच सांगू शकत नाही.

बॅकअप

विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये कुठवर आलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात, ही व्यवस्था आम्ही मान्य करत नाही. एक नक्कल वरच्या मजल्यावर, दुसरी शहराबाहेर.

चालू सर्व्हरचं डेटाचं फोल्डर नुसतं कॉपी करून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. कॉपी होत असतानाही नोंदी चालूच असतात आणि ती नक्कल पुढे उघडेलच असं नाही. नीट नक्कल काढायला पोस्टग्रेसला पीजीडम्प आहे, मायएसक्यूएलला मायएसक्यूएलडम्प. आम्ही रोज रात्री ते चालवतो. दोन डिस्क जोडलेल्या असल्या किंवा दुसऱ्या सर्व्हरवर प्रत चालू असली तरी बॅकअप लागतोच. कोणी चुकून सगळी उधारी पुसली तर ती पुसण्याची आज्ञा त्या प्रतीवरही लगेच पोचते. ज्यांची दिवसभर बिलं चालतात त्यांच्यासाठी प्रत्येक बदलाचा लॉगही आम्ही जपून ठेवतो. मग दुपारी ३ ला झालेला घोळ २:५९ पर्यंत मागे नेता येतो.

दर तीन महिन्यांनी आम्ही ती नक्कल दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करतो, तुमच्यासमोर. आदल्या दिवशीची विक्री, स्टॉक आणि एकूण उधारी तुमच्या आकड्यांशी जुळवतो आणि कागदावर तुमची सही घेतो. जी नक्कल कधी उघडून पाहिली नाही तिच्यावर विसंबणं आम्हाला मंजूर नाही, म्हणून देखभालीच्या करारातून ही तपासणी वगळून मागितली तर आम्ही करार करत नाही.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कायद्याचंही बघा. संगणकावरच्या हिशेबवह्यांचा बॅकअप रोज, भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, वह्या ८ वर्षं जपाव्या लागतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय कधी बदललं याची बंद न करता येणारी नोंद सक्तीची आहे. जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचं असतं. तुमच्या सीएंशी बोलूनच आम्ही हे बसवतो.

आणि एक. घरून काम करता यावं म्हणून डेटाबेसचं पोर्ट, म्हणजे त्याच्याशी बाहेरून जोडायचा दरवाजा (मायएसक्यूएलचा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२), इंटरनेटवर उघडं ठेवू नका. अशी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. डेटा पुसून खंडणीची चिठ्ठी ठेवून जातात. घरून काम हवं असेल तर व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्या माणसांसाठीची सुरक्षित वाट, लावून देतो.

सुरुवात कधी करायची

पुष्कळ जण दिवाळीच्या चोपडापूजनाला नवा हिशेब सुरू करू म्हणतात. पूजा अवश्य करा, संगणकाला हळदकुंकू लावा, पण आरंभीची शिल्लक १ एप्रिलची घ्या. आर्थिक वर्षाच्या मध्ये तोडलेला हिशेब पुढे दोन ठिकाणी शोधावा लागतो. पहिला महिना जुनं एक्सेल आणि नवा डेटाबेस दोन्ही चालवायचे. काम दुप्पट होतं हे खरं, पण मांडणीतल्या उणिवा त्याच महिन्यात दिसतात आणि तेव्हाच स्वस्तात सुधारतात.

पहिल्या भेटीला एक्सेलच्या फाइली आहेत तशाच आणा, आवरून-निवरून आणू नका. कोऱ्या सोडलेल्या जागा आणि बाजूला रंगाने केलेल्या खुणा यांतूनच धंदा कसा चालतो ते आम्हाला कळतं. एका महिन्याची बिलं आणि चलनं सोबत असू द्या. आणि शक्य असेल तर रोज नोंदी करणाऱ्या ताईंना किंवा भाऊंना बरोबर घेऊन या. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत.