बिलांच्या शीटमध्ये पेस्ट करण्याआधी हे वाचा

जीएसटी रिटर्नसाठी तुमची बिलं भरायला आम्ही तुम्हाला एक एक्सेल शीट देतो. दर महिन्याच्या सुरुवातीला आमच्या ऑफिसचा फोन एकाच गोष्टीसाठी वाजत असतो, मॅडम नंबर बरोबर आहे तरी तुमची शीट घेत नाहीये, लाल फुलीचा बॉक्स येतोय. म्हणून एकदाच नीट लिहून सगळ्यांना पाठवतोय, प्रिंट काढून काउंटरपाशी चिकटवलंत तर अजून बरं.

शीट कुठं अडते ते तुम्हाला आता पाठच झालंय. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्यात डॅश-स्लॅश सोडून दुसरं चिन्ह नको, तारीख त्याच महिन्यातली, टॅक्सचा दर यादीतूनच निवडायचा. हे आम्ही हौसेनं घातलेलं नाही, बिल नंबरचं तर जीएसटीच्या नियमातच आहे. आणि नंबर बरोबर दिसतोय तरी घेत नसेल तर बहुतेक वेळा शेवटी एक स्पेस असते, व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना सोबत येते, डोळ्याला दिसत नाही पण एक्सेल मोजतं आणि १५ चे १६ होतात. शेवटी जाऊन एक बॅकस्पेस मारा, एंटर मारा, घेईल.

हे झालं किरकोळ. खरा घोळ होतो तो शीट गप्प बसते तेव्हा.

एक्सेलचं हे डेटा व्हॅलिडेशन, म्हणजे सेलला घातलेले हे नियम, फक्त टाइप केलेलं तपासतं, पेस्ट केलेलं तपासत नाही. त्यात तुम्ही तुमच्या दुसऱ्या एक्सेलमधून चाळीस ओळी उचलल्या आणि इथं सरळ कंट्रोल व्ही केलं की त्या सेलमधला आमचा नियमच पुसला जातो, तुमचा सेल जसाच्या तसा त्याच्या जागी येऊन बसतो. मेसेज वगैरे काही येत नाही, तुम्हाला वाटतं झाली शीट. आमच्याकडे शीट आली की आम्ही पहिल्यांदा 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' दाबतो, म्हणजे नियमात न बसणाऱ्या सेलभोवती एक्सेल लाल गोल काढतं. पण नियमच उरला नसेल तर ते गोल काढणार कशाभोवती? मग एकेक ओळ डोळ्यानं बघत बसावं लागतं.

हळदीच्या एका व्यापाऱ्यांची शीट अशीच आली होती. हळदीचा एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड, ०९१० नं सुरू होतो, त्यांच्या जुन्या शीटमध्ये पुढचं शून्य कधीच गळून गेलेलं, तेच पेस्ट झालं आणि सगळीकडे ९१०. शिवाय एकाच पार्टीची पाच बिलं होती म्हणून जीएसटी नंबरचा सेल कोपरा धरून खाली ओढला, शेवटी ५ होता तर एक्सेलनं पुढं ६, ७, ८, ९ असे लावत नेले. अक्षरं सगळीकडे पंधराच, म्हणजे नियम जागेवर असता तरी हे पकडलं गेलं नसतं. पण जीएसटी नंबरचं शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून ठरतं, ते जुळलं नाही आणि पोर्टलनं नंबर घेतले नाहीत. ही दहा तारखेची गोष्ट, जीएसटीआर-१ ची, म्हणजे दर महिन्याच्या विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीख ११.

तर करायचं असं. एखादाच नंबर आणायचा असेल तर सेलवर डबल क्लिक करा, आत पेस्ट करा, एंटर मारा, हे एक्सेल टाइप केल्यासारखंच धरतं आणि तिथल्या तिथं तपासतं. जास्त ओळी असतील तर राइट क्लिक करून पेस्टच्या पर्यायांत १२३ लिहिलेलं चित्र दाबा, म्हणजे फक्त व्हॅल्यू येतात. तपासणी तेव्हाही होत नाही, पण नियम शाबूत राहतो आणि आमच्याकडे लाल गोल बरोबर पडतात. तोच नंबर खाली हवा असेल तर ओढू नका, वरच्या सेलपासून खालपर्यंत सिलेक्ट करा आणि कंट्रोल डी. चुकून साधं पेस्ट झालंच तर लगेच कंट्रोल झेड. आणि दराच्या सेलवर क्लिक केल्यावर बाजूला छोटा बाण दिसत नसेल तर समजा तिथला नियम गेला, कोरी शीट मागून घ्या, लगेच पाठवतो.

दराच्या यादीत १२ का नाही असं काहीजण अजून विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालाला १२ चा दर राहिला नाही, तुमच्या मालाला लागतात तेवढेच दर यादीत ठेवलेत. त्याआधीच्या बिलाची क्रेडिट नोट असेल तर फोन करा, ती आम्ही वेगळी घेतो.

काहीजण म्हणतात एवढं कडक कशाला, पासवर्ड काढून साधी शीट द्या, तुम्ही बघून घ्या नंतर. बघतोच आम्ही. पण चुकीच्या नंबरवर बिल गेलं तर ते तुमच्या गिऱ्हाइकाच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्याच्या खरेदीच्या यादीत, दिसत नाही, भरलेल्या टॅक्सचं त्याचं क्रेडिट अडकतं, आणि तो पुढचं पेमेंट थांबवतो ते तुमचं. म्हणून ही शीट अशीच राहील. नियम पुसलेल्या शीट साफ करायला लागणारा वेळ आम्ही बिलात वेगळा लावतो, हे आधीही सांगितलंय, आणि पाच तारखेच्या आत नीट आलेली शीट आम्ही आधी हातात घेतो.

ज्यांचा सगळा डेटा टॅलीतूनच निघतो आणि हातानं टाइप करणं शक्यच नाही त्यांच्यासाठी आम्ही वेगळी शीट बनवून देतो, तिच्यात एक कच्चा टॅब असतो, तिथं हवं तसं पेस्ट करा, पुढच्या टॅबमध्ये चुकीच्या ओळी आपोआप लाल होतात. वर्षाचं काम आमच्याकडे असेल तर तिचे पैसे लागत नाहीत. मागच्या महिन्याची टॅलीतून काढलेली फाइल मेल करा, तुमचे कॉलम बघून त्याप्रमाणेच बनवू.