साडेदहाचं कॉम्प्रेशन आणि चार सीसींचा हिशेब

इंजिन ट्यून करायला घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॉम्प्रेशन किती ठेवू, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबू? कोणी सांगतं साडेदहा ठेव, कोणी म्हणतं अकराच्या खाली जाऊच नको. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायला हवा. पेट्रोल कोणतं मिळणार, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) कोणता बसणार, गाडी कुठल्या हवेत धावणार आणि समोर टेबलावर पडलेल्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, नेमके किती सीसी मावतात, हे कळलं की रेशो हिशेबातूनच निघतो. आधी आकडा धरून बसलं आणि बाकीचं त्याच्यामागे ओढत नेलं, की पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

उदाहरणासाठी आपल्याकडे घराघरात माहीत असलेलं एक इंजिन घेऊ. रॉयल एनफिल्डचं ६५० ट्विन, म्हणजे २०१८ साली आलेल्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटीचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ६७.८ मिमी, सिलिंडर दोन, एकूण ६४८ सीसी, कंपनीचा कॉम्प्रेशन रेशो ९.५:१. हवा आणि ऑइलवर थंड होणारं हे इंजिन ट्यूनिंगवाल्यांच्या आवडीचं आहे, आणि त्याचा हिशेब कागदावर सहज मांडता येतो.

पिस्टन अगदी खाली असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला पिस्टन अगदी वर आल्यावर उरणाऱ्या जागेने भागलं की कॉम्प्रेशन रेशो मिळतो. ७८ मिमी बोअरचं क्षेत्रफळ ४७.८ चौरस सेंटिमीटर. त्याला ६.७८ सेंमी स्ट्रोकने गुणलं की एका सिलिंडरचे ३२४ सीसी होतात. रेशो ९.५ असेल तर वर उरणारी जागा ३२४ भागिले ८.५, म्हणजे ३८.१ सीसी. तोच रेशो १०.५ करायचा तर ही जागा ३४.१ सीसी झाली पाहिजे. म्हणजे सगळी चर्चा चालते ती चार सीसींवर. औषधाच्या छोट्या चमच्यात मावतं त्याहूनही कमी.

या चार सीसींनी मिळतं काय? आदर्श ऑटो चक्राचं, म्हणजे कागदावरच्या पेट्रोल इंजिनाचं, सूत्र वापरलं तर ९.५ रेशोला कार्यक्षमता ५९.४ टक्के येते आणि १०.५ ला ६१ टक्के. खरं इंजिन याच्या जवळपासही पोचत नाही, कारण उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. पण वाढीचं प्रमाण साधारण तेच राहतं: पावणेतीन टक्के. ४७ हॉर्सपॉवरच्या इंजिनात ही भर सव्वा हॉर्सपॉवरची. शिवाय वर जावं तसा फायदा आटत जातो. ८.५ वरून ९.५ ला गेलं तर सव्वातीन टक्के मिळतात, १२ वरून १३ ला गेलं तर दोन टक्केसुद्धा नाहीत. नुसतं कॉम्प्रेशन वाढवून गाडी उडायला लागेल ही समजूत आधी डोक्यातून काढलेली बरी. त्याचं मोल वेगळ्या ठिकाणी आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी त्याची किंमत पाहू. स्पार्क पडला की आग प्लगपासून पसरत जाते आणि पुढचं न जळलेलं मिश्रण दाबत नेते. चेंबरच्या, म्हणजे हेडमधल्या जळण्याच्या जागेच्या, कडेला राहिलेलं हे शेवटचं मिश्रण दाबाने इतकं तापतं की आग पोचण्याआधीच कधीकधी एकदम पेट घेतं. दाबाच्या लाटा धातूवर आदळतात आणि चढावर गिअर न बदलता अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर येणारा तो खडखड आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. क्वचित आलं तर इंजिन सहन करतं. सतत होत राहिलं तर पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात, रिंगांच्या मधल्या भिंती तुटतात, शेवटी पिस्टनच वितळतो.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर याचा पद्धतशीर अभ्यास केला. चालू इंजिनातच कॉम्प्रेशन कमीजास्त करता येईल असं प्रायोगिक इंजिन त्यांनी बांधलं आणि प्रत्येक इंधनासाठी एक मर्यादा शोधली: नॉकिंग सुरू होण्याआधी किती रेशो झेपतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच हे स्पष्ट झालं होतं की कॉम्प्रेशनची कमाल मर्यादा ठरवण्यात इंधनाचा वाटा इंजिनाइतकाच आहे. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी आयसोऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला ० धरून मोजपट्टी मांडली, आणि पेट्रोल पंपावर दिसणारा ऑक्टेनचा, म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती टिकतं याचा, आकडा त्यातूनच आला.

या आकड्यावर आपली बरीच मंडळी फसतात. भारतात पंपावर सांगतात तो रिसर्च ऑक्टेन, साध्या पेट्रोलसाठी वर्षानुवर्षं किमान ९१ होता आणि प्रीमियमसाठी ९५. अमेरिकेत पंपावर लिहितात ती रिसर्च आणि मोटर या दोन चाचण्यांची सरासरी, आणि ती नेहमी चार-पाच अंकांनी कमी दिसते. त्यामुळे अमेरिकी बिल्डर ‘९१ वर साडेदहा बिनधास्त चालतं’ असं म्हणतो तेव्हा त्याचं ९१ हे आपलं ९५-९६ असतं. तो सल्ला जसाच्या तसा उचलून साधं ९१ टाकीत भरणारा माणूस नॉकिंगच्या किती जवळ आहे, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची इथे थोडी मदत होते. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, आणि वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता शोषून घेतं. पण त्याला हवा कमी लागते, म्हणून इंधनाचं प्रमाण ठरवणारा जेट किंवा मॅप बदलला नाही तर मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं. आपल्या रस्त्यावर मिळणारं सगळ्यात कमी दर्जाचं पेट्रोल धरूनच मी हिशेब करेन. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलवर बांधलेली गाडी घेऊन मेळघाटात जाणाऱ्याने परत येताना काय भरायचं?

हवेचंही तसंच. आत येणारी हवा २५ अंशांची असो की नागपूरच्या मे महिन्यातली ४५ अंशांची, फरक वीसच अंशांचा. पण ती आठपट दाबली गेली की शेवटी हा फरक चाळीसच्या पुढे जातो, कारण तापमान बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतं. पुण्याच्या डिसेंबरात गोड चालणारं साडेदहाचं इंजिन विदर्भाच्या उन्हात, ट्रॅफिकमध्ये हेड तापलेलं असताना खडखडू शकतं. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला इथे पुष्कळ सवलत मिळते. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ला साडेबाराच्या आसपासचा रेशो झेपतो तो वॉटर कूलिंग, चांगला चेंबर आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन या तिघांच्या जोरावर. तो आकडा पाहून एअरकूल्ड इंजिनात तेवढा ठेवायचा विचारही करू नये.

आता कॅम. इथे कॉम्प्रेशनचं खरं मोल कळतं. पिस्टन खालून वर निघाला की लगेच दाब सुरू होतो असं नाही. इनटेक व्हॉल्व्ह अजून उघडा असतो आणि तो बंद होईपर्यंत मिश्रण खऱ्या अर्थाने कोंडलं जात नाही. कनेक्टिंग रॉड १३० मिमीचा धरू, हे माप केवळ उदाहरणासाठी. पिस्टन तळाला पोचल्यानंतर क्रँक ५० अंश फिरल्यावर व्हॉल्व्ह बंद होत असेल तर तोवर स्ट्रोकचा ८६ टक्के भाग उरलेला असतो, आणि कागदावरचा ९.५ रेशो प्रत्यक्षात ८.३ भरतो. शर्यतीचा कॅम घातला आणि व्हॉल्व्ह ७० अंशांनी बंद व्हायला लागला, तर उरतो फक्त ७३ टक्के स्ट्रोक, आणि रेशो ७.२ वर येतो. वरच्या आरपीएमला आत घुसणाऱ्या हवेचा वेगच ही कसर भरून काढतो, पण खाली गाडी मेल्यासारखी चालते. नवा महागडा कॅम बसवून ‘पिकअप गेला’ म्हणून परत येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा हीच असते.

त्या कॅमबरोबर पुन्हा ८.३ हवे असतील तर वरची जागा ३२.४ सीसीवर आणावी लागते, म्हणजे कागदावरचा रेशो ११. शर्यतीच्या इंजिनांचे आकडे मोठे दिसतात त्यामागे हे मुख्य कारण आहे. उलट मूळ कॅम तसाच ठेवून ११ केलं, तर प्रत्यक्षातला दाब इतका चढतो की आपल्या पेट्रोलवर इग्निशन मागे ओढत, म्हणजे स्पार्क उशिरा पाडत बसावं लागतं आणि कमावलेलं सगळं त्यात जातं. म्हणून कॅमचं टायमिंग कार्ड हातात येईपर्यंत रेशोवर बोलण्यात अर्थ नाही.

एवढं ठरलं की मोजायला बसायचं. मला स्वतःला हे काम सगळ्यात प्रिय आहे, कारण इथे अंदाजाला जागाच नसते. हेड उलटं ठेवून, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून, ते लेव्हलमध्ये आणायचं. चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ पट्टा द्यायचा आणि त्यावर छोटं भोक पाडलेली जाड अ‍ॅक्रिलिकची काच दाबून बसवायची. रॉकेलमध्ये जरा लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) मिसळून ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणांची नळी, भरायची आणि थेंबाथेंबाने चेंबर भरत न्यायचा. भोकाजवळ शेवटचा बुडबुडा रेंगाळतो, तो काढण्यासाठी हेड किंचित कलतं करावं लागतं. काचेखाली सगळीकडे लाल दिसलं की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा, डोळा पातळीला आणून. मग दुसरा चेंबर. दोघांत अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर मोठ्या चेंबरला हात न लावता लहान चेंबर घासून जुळवायचा. साडेदहाच्या आसपास एक सीसी इकडेतिकडे झाला तरी रेशो पाव अंकाहून जास्त हलतो, त्यामुळे हा हट्ट फुकटचा नाही.

पिस्टनचा माथा सपाट नसतो. त्यावर घुमट असतो, व्हॉल्व्हसाठी खळगे असतात. त्यासाठी पिस्टन वरच्या टोकापासून डायल गेजने बरोबर १० मिमी खाली न्यायचा, कडेला ग्रीस लावायचं आणि तशीच काच ठेवून भरायचं. सपाट पिस्टनवर ४७.८ सीसी मावले असते. ४५ च मावले तर माथ्याने २.८ सीसी खाल्ले. हेड पॅकिंगची जाडी पाकिटावरची नव्हे, दाबून बसल्यानंतरची धरायची. पिस्टन वरच्या टोकाला बॅरलच्या काठाच्या किती खाली राहतो तेही डायल गेजनेच घ्यायचं. बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा तपासायचा. लंबगोल झालेल्या बोअरमध्ये कुठलाही रेशो टिकत नाही.

बोअर वाढवला की रेशो आपसूक वाढतो, हेही विसरायचं नाही. हेच इंजिन ७९ मिमी केलं आणि वरच्या जागेला हात लावला नाही, तर ९.५ चे ९.७ होतात. रस्त्यावरच्या गाडीत मात्र आरसी बुकावर लिहिलेली क्षमता बदलणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही; असले उद्योग ट्रॅकवरच्या गाडीसाठी ठेवावेत.

चार सीसी काढायचे कुठून? सगळेच हेड फेस करून, म्हणजे त्याचा खालचा सपाट भाग उतरवून, काढायला मन धजावतं, कारण लेथवाला ते एका दुपारी करून देतो. पण पहिली नजर स्क्विशवर जायला हवी. पिस्टनची कड आणि हेडची सपाट कड यांच्यातली ही फट. पिस्टन वर येताना इथलं मिश्रण जोराने मध्यभागी फेकलं जातं, त्यामुळे आग लवकर पसरते आणि कडेला पेट घ्यायला काही शिल्लकच राहत नाही. हीसुद्धा रिकार्डोंचीच देणगी, १९१९ च्या सुमाराची. पिस्टनवर सोल्डरची तार ठेवून, हेड नेहमीच्या टॉर्कने आवळून, इंजिन हाताने एकदा फिरवायचं; तार चेपून जेवढी उरते तेवढा स्क्विश. समजा १.३ मिमी निघाला. बॅरलचा वरचा काठ ०.४ मिमी उतरवून तो ०.९ वर आणला की १.९ सीसी गेले, आणि नॉकिंगचा धोका वाढण्याऐवजी थोडा कमी झाला. उरलेले २.१ सीसी हेडमधून, साधारण अर्धा मिमी फेस करून. चेंबरचं तोंड बोअरपेक्षा लहान असेल तर थोडं जास्त. म्हणून आधी कमीच काढून ब्युरेट पुन्हा लावायची.

आता हेड एकूण ०.९ मिमी खाली आलं. क्रँक आणि कॅममधलं अंतर घटलं, चेनचा ढिलेपणा टेन्शनरने ओढून घेतला आणि कॅमचं टायमिंग किंचित मागे पडलं. डिग्री व्हील (अंश आखलेली चकती) लावून ते परत जागेवर आणावं लागतं. व्हॉल्व्हही पिस्टनच्या जवळ आले. पिस्टनच्या खळग्यांत मुलांच्या खेळण्यातली मऊ माती थापून, जुनं पॅकिंग घालून इंजिन दोन फेरे फिरवायचं, मग माती पातीने कापून जाडी मोजायची. इनटेककडे दोन मिमी आणि एक्झॉस्टकडे अडीच मिमी राहिले तर ठीक. त्याहून कमी असेल तर खळगे खोल करायचे, आणि खळगे खोल केले की सीसी पुन्हा वाढतात, हिशेब पुन्हा मांडायचा. रेशो ११ हवा असेल तर काढायचे ५.७ सीसी, तिथे फेसिंगचा मार्ग सोडून घुमटाचा पिस्टन घ्यावा. घुमट फार उंच असला तर मात्र आगीच्या वाटेत तोच आडवा येतो.

इंजिन जोडल्यावर कॉम्प्रेशन गेज लावून आकडा पाहायची घाई सगळ्यांनाच असते. थ्रॉटल पूर्ण उघडा, दोन्ही प्लग बाहेर, बॅटरी भरलेली. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. पण गेज दाखवतं तो दाब, रेशो नव्हे. लांब कॅम असेल तर अकराचं इंजिनही कमी दाब दाखवतं. स्टार्टिंगसाठी डीकॉम्प्रेशनची, म्हणजे थोडा दाब सोडून देण्याची, सोय असलेल्या कॅमवर तर हा आकडा पार फसवा असतो. आणि मुंबईत घेतलेलं रीडिंग १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला सुमारे १५ टक्क्यांनी उतरतं, कारण तिथे हवाच तेवढी विरळ आहे. चेंबरमधले ३४.१ सीसी दोन्हीकडे तेच असतात.