पाणी गुणवत्ता संरक्षण, महाराष्ट्रातील शासकीय व्यवस्था

महाराष्ट्रातील नद्या, विहिरी, कूपनलिका आणि नळ यांचे पाणी दूषित होऊ नये यासाठी राज्याच्या निरनिराळ्या यंत्रणांवर सोपवलेली कामे. हे काम एका खात्याचे नाही. पाणी नदीत आहे, जमिनीखाली आहे की घरच्या नळात आले आहे, यावर त्याची जबाबदारी कोणाची हे ठरते.

जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, 1969 मध्येच स्वतंत्र कायदा केला आणि 1970 मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. 1974 चा केंद्रीय जल अधिनियम राज्याने पुढे स्वीकारला. कारखाना उभारण्यापूर्वी आणि चालवण्यापूर्वी मंडळाचे संमतिपत्र लागते. मंडळ नदीच्या पाण्याचे नमुने तपासते आणि नियम मोडणाऱ्या उद्योगाचे वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते.

भूजलाचे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. 1972 च्या दुष्काळाच्या काळात पाण्याचे साठे शोधण्यासाठी जन्मलेल्या या यंत्रणेकडे पाण्याच्या तपासणीचे कामही आले. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत खडकातूनच पाण्यात फ्लोराइड उतरते. अशा ठिकाणी दोषी कारखाना शोधून उपयोग नसतो. दुसरा स्रोत द्यावा लागतो किंवा पाण्यावर प्रक्रिया करावी लागते. नवा स्रोत सुचवणे भूजल यंत्रणेचे काम, पण नळयोजना उभारण्याचे काम जिल्हा परिषद किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करते. 2009 च्या भूजल अधिनियमानुसार राज्य भूजल प्राधिकरणाची भूमिका महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण पार पाडते.

साखळीतले सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाचे टोक म्हणजे ग्रामपंचायत. टाकीत टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनयुक्त भुकटी) टाकणे, नळाच्या पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे ओटी चाचणीने पाहणे, गळती काढणे ही रोजची कामे तिचा जलसुरक्षक किंवा पाणीपुरवठा कर्मचारी करतो. आरोग्य विभाग पावसाळ्यापूर्वी आणि नंतर स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करतो व जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. लाल कार्ड मिळाले की विहिरीभोवतीचा उकिरडा हटवणे, फुटलेली वाहिनी जोडणे ग्रामपंचायतीलाच करावे लागते. दोष दाखवणारा एक आणि तो दूर करणारा दुसरा, ही रचना तपासणी निःपक्ष ठेवते. पण दुरुस्तीला पैसा आणि माणूस नसेल, तर कार्डाचा रंग बदलत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातील महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण दिले जाते, हे या व्यवस्थेतले फार मोलाचे पाऊल आहे, कारण पाण्याचा बदललेला रंग आणि वास सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येतो.

बहुतेक शहरांत पाणीपुरवठा आणि मैलापाणी दोन्ही महापालिका वा नगरपालिकेकडे असते. नद्या खराब होण्यात उद्योगांबरोबरच घरगुती सांडपाण्याचाही मोठा वाटा असतो, आणि या व्यवस्थेची खरी अडचण इथेच आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ पालिकेला नोटीस देऊ शकते, खटला भरू शकते, पण कारखान्याला टाळे लावावे तसे शहर बंद करता येत नाही. शुद्धीकरण केंद्र पालिकेने बांधायचे, त्याच्या निधीसाठी नगरविकास विभागाकडे पाहायचे.

कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगा नदीवर ही गुंतागुंत एकत्र दिसते. कोल्हापुरात जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून येणारे सांडपाणी, इचलकरंजीतील कापडावर प्रक्रिया करणारे उद्योग आणि खोऱ्यातील साखर कारखाने या प्रत्येकाकडे पाहणारे कार्यालय वेगळे. धरणातून पाणी सोडून नदी वाहती ठेवण्याचा निर्णय जलसंपदा विभागाचा. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा रुग्णांची काळजी आरोग्य विभागाने आणि पाणीपुरवठ्याची पालिकेने घ्यायची होती. नदीतील दूषित पाण्याने मासे मेल्याच्या तक्रारी शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्यावर वारंवार होतात. तिथे पंचनामा करून नमुने घेण्याचे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, तर त्याच नदीकाठच्या गावांना पिण्याजोगे पाणी मिळते का हे पाहणे ग्रामपंचायतींचे.