कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडणारं पान : पार्श्वभूमी

स्वतःचं छोटं संकेतस्थळ चालवणारे काही लोक क्रोम आणि सफारीत पान नीट दिसलं की तेवढ्यावर थांबत नाहीत. लिंक्स, डिलो, नेटसर्फ अशा मोजक्याच लोकांच्या वापरातल्या ब्राउझरांतही ते आपलं पान उघडून बघतात. बाहेरच्याला हा निव्वळ छंद वाटेल, पण हा आग्रह वेबइतकाच जुना आहे. तो सोडून दिल्याची मोठी किंमत मराठी मजकुरानेही मोजली आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तो फक्त नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर चालत होता. असे संगणक फार थोड्यांकडे होते. म्हणून तिथे आलेल्या निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने लगेच दुसरा ब्राउझर लिहायला घेतला. तो केवळ अक्षरं दाखवायचा आणि दुव्यांना क्रमांक द्यायचा. पुढे जायचं तर क्रमांक टंकायचा. दिसायला साधा, पण जवळपास कुठल्याही टर्मिनलवर चालणारा. याच काळात एक नियम रुजला: ब्राउझरला एखादा टॅग (मजकुराला लावलेली, तो कसा मांडायचा ते सांगणारी खूण) कळला नाही तर त्याने तो टॅग सोडून द्यावा, आतला मजकूर मात्र दाखवावा. माझ्या मते वेबच्या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत उदार निर्णय आहे. नव्वदच्या दशकातलं पान आज उघडतं आणि आज काळजीपूर्वक लिहिलेलं पान १९९२ साली कॅन्सस विद्यापीठात जन्मलेल्या लिंक्समध्येही वाचता येतं, याचं मूळ या नियमात आहे.

१९९३ मध्ये मोझेइक हा ब्राउझर आला आणि मजकुराच्या ओघातच चित्र दिसू लागलं. ज्यांच्या ब्राउझरला चित्र दाखवता येत नाही त्यांच्यासाठी चित्राच्या टॅगमध्ये पर्यायी मजकूर लिहायची सोय झाली. वेबची पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या १९९५ च्या २.० आवृत्तीत ती नोंदली आहे. आज दृष्टिहीन वाचकांचे स्क्रीन रीडर हाच मजकूर वाचून दाखवतात.

डिसेंबर १९९४ मध्ये नेटस्केप आणि ऑगस्ट १९९५ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर बाजारात आला, तिथून चुरस सुरू झाली. नेटस्केपने लुकलुकणारा मजकूर आणला, मायक्रोसॉफ्टने सरकणारा. नेटस्केपला फ्रेम (एकाच खिडकीत अनेक पानं दाखवायची सोय) समजायच्या, इतरांना समजत नसत. म्हणून सर्व्हर ब्राउझरचं नाव विचारू लागले आणि नावात ‘मोझिला’ हा नेटस्केपचा शब्द दिसला तरच फ्रेमवालं पान पाठवू लागले. मायक्रोसॉफ्टने मग आपल्या ब्राउझरलाही स्वतःची ओळख ‘मोझिला’ अशीच सांगायला लावलं. पुढे लिनक्सवरच्या केडीई प्रकल्पाच्या कॉन्करर ब्राउझरने, मोझिलाच्या गेको या इंजिनाचं (पान मांडणाऱ्या गाभ्याचं) नाव घेऊन, आपल्या ओळखीत ‘गेकोसारखा’ असं लिहिलं, सफारीने त्याचं अनुकरण केलं, क्रोमने सफारीचं. आज क्रोम सर्व्हरला जी ओळख सांगतो, तिच्यात मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको आणि सफारी ही पाचही नावं आहेत. नाव विचारून पान वाटायच्या चुकीच्या सवयीचा तो साठलेला गाळ आहे. ब्राउझरचं नाव न विचारता त्याला अमुक गोष्ट जमते का एवढंच तपासावं, हा आजचा रिवाज या अनुभवातून आला.

‘हे पान अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसेल’ असा बिल्ला पानाच्या तळाशी लावायची पद्धत याच काळातली. १९९६ मध्ये बर्नर्स-ली यांनी तिच्यावर स्पष्ट टीका केली: अशी पाटी लावणाऱ्याला वेबपूर्वीचे वाईट दिवस परत हवे आहेत, जेव्हा दुसऱ्याच्या संगणकावर लिहिलेलं वाचता येण्याची शक्यता फार कमी होती. त्याच वर्षी ‘कुठल्याही ब्राउझरमध्ये पाहता येईल’ असा उलटा बिल्ला लावायची मोहीम सुरू झाली, आणि तिला बळ मिळालं ते मुख्यतः वैयक्तिक संकेतस्थळांच्या मालकांकडून.

रूप आणि मजकूर वेगळे ठेवायची कल्पना हॉकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस या पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचं पहिलं प्रमाण प्रसिद्ध झालं. कागदावर भांडण मिटलं. प्रत्यक्षात ते अधिक बारीक झालं. एका चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल, आतली मोकळी जागा दोन्ही बाजूंना २०, कड ५ असं समजा. प्रमाणानुसार चौकट एकूण ३५० पिक्सेल जागा घेणार. विंडोजवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मात्र सगळं ३०० मध्येच बसवायचा. एका ब्राउझरमध्ये जुळलेले रकाने दुसऱ्यात एकाखाली एक घसरायचे. टॅन्टेक चेलिक यांनी यावर अशी युक्ती काढली की जुना एक्स्प्लोरर सीएसएसमधल्या एका विचित्र ओळीला अडखळून थांबायचा आणि बाकीचे पुढची खरी रुंदी वाचायचे. कित्येक वर्षं अशा युक्त्यांच्या वह्याच लोक बाळगत. पुढे सीएसएसमध्ये रुंदी कशी मोजायची ते निवडायची सोय आली, आणि आज बहुतेक जण एक्स्प्लोररचीच पद्धत निवडतात, कारण हिशेबाला ती खरोखर सोपी आहे. चूक त्या पद्धतीत नव्हती. सर्वांनी ठरवलेलं एकाने एकट्याने मोडलं, ही होती.

२००० साली मॅकवरच्या एक्स्प्लोरर ५ ने जुन्या पानांसाठी जुनी आणि नव्या पानांसाठी प्रमाण पद्धत वापरायला सुरुवात केली. कुठलं पान नवं, ते पहिल्या ओळीत पानाचा प्रकार सांगणाऱ्या डॉक्टाइपवरून ठरायचं. ही व्यवस्था सगळ्यांनी उचलली. आजही डॉक्टाइप विसरलात तर ब्राउझर पान जुन्या पद्धतीने मांडतो.

१९९८ मध्ये, सगळ्या ब्राउझरांनी प्रमाण पाळावं म्हणून, वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट उभा राहिला, पण ऑगस्ट २००१ मध्ये आलेल्या एक्स्प्लोरर ६ ने बाजार जिंकला आणि पुढची आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. या शांततेत २००३ मध्ये स्टीव्हन चॅम्पियन आणि निक फिंक यांनी मांडलेला विचार मला सर्वांत टिकाऊ वाटतो: आधी साध्या एचटीएमएलमध्ये पूर्ण मजकूर द्या, त्यावर सीएसएस चढवा, त्यावर जावास्क्रिप्ट (पानाला हालतं-बोलतं करणारी भाषा). ज्याला जेवढं झेपेल तेवढं तो घेईल, मजकुराला मात्र कुणीच मुकणार नाही.

मराठीत याच काळात नेमकं उलटं घडत होतं. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरची देवनागरी खरी देवनागरी नव्हतीच. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट होते, आणि प्रत्येक फॉन्टकर्त्याची मांडणी निराळी होती. फॉन्ट उतरवून घेतला नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा दिसे. उपाय म्हणून पानासोबत आपोआप येणारे फॉन्ट आले, तेही दोन जातींचे: नेटस्केप ४ ला पीएफआर हवा, एक्स्प्लोररला ईओटी. संकेतस्थळ दोन्ही ठेवत असेल तर बरं. लिनक्सवरचा वाचक बहुधा वाऱ्यावर. २००० च्या नेटस्केप ६ ने पीएफआर सोडून दिलं आणि त्यावर उभी असलेली पानं त्या ब्राउझरपुरती मुकी झाली. त्यातला मजकूर शोधयंत्रांना सापडत नसे, दुसरीकडे चिकटवला तर वाचता येत नसे. किती अग्रलेख, किती मुलाखती अशा हरवल्या! त्या काळातलं पान संग्रहातून मिळालं तरी आधी त्याचा फॉन्ट ओळखावा लागतो, मग परिवर्तक शोधावा लागतो.

जगातल्या लिप्यांना एकाच सामायिक संकेतप्रणालीत बसवणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. तिची मांडणी भारताच्या इस्की संकेतप्रणालीवरून घेतलेली. उणीव होती ती ब्राउझरखालच्या यंत्रणेत. विंडोज २००० सोबत मंगल फॉन्ट आला. विंडोज एक्सपीवर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन, सीडी घालून, जोडाक्षरांची सोय मुद्दाम चालू करावी लागे. ती केली नाही तर वेलांटी भलत्याच जागी आणि जोडाक्षरं फुटलेली. तरीही १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने युनिकोडच धरला. त्यातली तेव्हाची वाक्यं आज फोनवरही जशीच्या तशी दिसतात.

मोबाइलवर हेच पुन्हा घडलं. साध्या फोनवर ऑपेरा मिनी लोकप्रिय होता. पान कंपनीच्या सर्व्हरवर मांडून, आटवून फोनकडे पाठवलं जाई, त्यामुळे महागडा डेटा वाचे. फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नसला की चौकोन दिसत. तेव्हा पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टंकून तिथला एक पर्याय चालू करायचा, की क्लिष्ट लिप्यांची अक्षरं चित्ररूपात येत. ही युक्ती तोंडोतोंडी पसरली होती. ज्यांची पानं साध्या एचटीएमएलमध्ये आणि युनिकोडमध्ये होती, त्यांचं लेखन या वाटेने खेड्यातल्या छोट्या फोनपर्यंत पोचलं.

नंतर इंजिनं कमी होत गेली. २०१३ मध्ये ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडलं, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर गूगलच्या क्रोमियमवर आला, १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्स्प्लोररला निरोप दिला गेला. मोठी इंजिनं आता तीन: ब्लिंक (क्रोमचं), वेबकिट (सफारीचं), गेको (फायरफॉक्सचं). २०२२ पासून त्यांचे निर्माते ‘इंटरऑप’ उपक्रमात दरवर्षी ठरावीक गोष्टींच्या सामायिक चाचण्या घेतात, आणि तीनही इंजिनांतला फरक खरोखर घटला आहे. म्हणून तर छोट्या ब्राउझरांकडे बघण्याला आज अर्थ आहे. डिलोत जावास्क्रिप्ट नाही, नेटसर्फचं मांडणी-इंजिन स्वतःचं आहे, सर्वो आणि लेडीबर्ड नव्याने उभे राहत आहेत. यांत पान वाचता आलं तर ते कुण्या एका कंपनीच्या सवयींवर अवलंबून नाही याची खात्री पटते.

मराठी पानासाठी दोन गोष्टी आवर्जून करायच्या. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषेचा संकेत मराठीचा (mr) द्यायचा. काही फॉन्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, ती या संकेतावरून निवडली जातात. आणि शोभेचा फॉन्ट लावला तरी तो न पोचल्यास यंत्रावरचा देवनागरी फॉन्ट चालेल अशी सोय ठेवायची. लिंक्ससारख्या ब्राउझरमध्ये जोडाक्षरं नीट न जुळणं हा बहुधा टर्मिनलचा दोष असतो. पान तिथे शुद्ध युनिकोड देत असेल तर त्याचं काम झालेलं असतं.

खऱ्या जुन्या ब्राउझरांसमोर आता सीएसएसपेक्षा मोठी अडचण एचटीटीपीएसची, म्हणजे पान कूटबद्ध करून पाठवायच्या पद्धतीची, आहे. जुन्या प्रणालींना त्यासाठी लागणारं नवं टीएलएस हे कूटबद्धीकरण येत नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी संकेतस्थळांना फुकट सुरक्षा-प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अनेक जुन्या यंत्रांवर हजारो साधी पानंही उघडेनाशी झाली. काही वैयक्तिक संकेतस्थळांचे मालक म्हणून एचटीटीपीची वाटही उघडी ठेवतात. वाटेत कुणी मजकूर बदलू शकतो हा धोका त्यात आहे, तेव्हा जिथे वाचकाकडून काही भरून घ्यायचं असेल तिथे ती वाट बंदच हवी. निव्वळ वाचायच्या पानांसाठी मात्र दोन्ही वाटा ठेवणं मला रास्त वाटतं.